विटेवर कोणाला उभं करायचं?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ७.

अर्थ थोडक्यात असा. भगवंत अर्जुनाला सांगतात की सर्व काळी माझं स्मरण कर आणि युद्धही कर. मन आणि बुद्धी माझ्या ठायी ठेवलीस की तू माझ्यापाशीच येशील, याबद्दल शंका नको.

याच्या आधीच्या दोन श्लोकांत अंतकाळाचा विषय आहे. शेवटी मनात जे असेल तिकडे जीव जातो, हे सांगून झाल्यावर लगेच हा श्लोक येतो. शेवटचा क्षण कधी येईल हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून ‘सर्व काळी’. आता दुसरी गोष्ट बघा. युद्ध आटोपलं की निवांत बसून माझं नाव घे, असं देव म्हणत नाहीत. युद्ध टाकून नाव घे, असंही म्हणत नाहीत. स्मरण आणि काम दोन्ही एकाच आज्ञेत आहेत.

वाचायला छान वाटतं. पण सोमवारी सकाळी हा श्लोक जगायचा कसा? आपल्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, वेळच मिळत नाही. बोरिवलीहून लोअर परळला लोकलने जा-ये, नाहीतर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तास-दीड तास ट्रॅफिक. रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. मधे घर, जेवण, थोडी झोप. जपाची माळ बॅगेतच राहते आणि पारायण ‘पुढच्या एकादशीपासून’ सुरू होणार असतं.

यावर नेहमीचं उत्तर तयार आहे: रील्स कमी बघा, मोबाईल लांब ठेवा. उत्तर बरोबर आहे, पण ते सोपं आहे. वाईट किंवा फालतू गोष्ट सोडून चांगली धरायची, यात विचार करण्यासारखं फारसं काही नाही, फक्त मनाचा निग्रह लागतो. खरी अडचण येते ती दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी दारात उभ्या राहतात तेव्हा.

माझ्याच घरचं सांगतो. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यापासून रोज सकाळी सात ते साडेसात त्यांच्या उजव्या हाताचे व्यायाम करून घेणं माझ्याकडे आहे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मी. आणि सात ही माझी वर्षानुवर्षांची गीता वाचायची वेळ. आता सांगा, यातलं जास्त महत्त्वाचं काय? कोणत्याही टाइम मॅनेजमेंटच्या पुस्तकात ‘सर्वांत महत्त्वाचं आधी करा’ एवढं मिळतं. सर्वांत महत्त्वाचं कोणतं, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. हा प्रश्न वेळेचा नाही, धर्माचा आहे.

आपल्या मराठी माणसाला या प्रश्नासाठी लांब जायची गरज नाही. पंढरपूरला जायचं.

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. आधी आईवडिलांना त्रास देणारा पुंडलिक पुढे बदलला आणि त्यांच्या सेवेत रमला. ती सेवा चालू असतानाच देव स्वतः दारात आले. पुंडलिक उठला नाही. जवळची एक वीट सरकवली आणि म्हणाला, जरा थांबा, सेवा आटोपली की येतो. देव थांबले, आणि अठ्ठावीस युगं तिथेच उभे आहेत.

ही गोष्ट ऐकताना आपलं लक्ष देवाच्या मोठेपणाकडे जातं. आज पुंडलिकाच्या निर्णयाकडे बघूया. त्याने कामांची यादी केली नाही. त्याने इतकंच ठरवलं की या घडीला कोणाला थांबवायचं. प्राधान्य ठरवणं म्हणजे शेवटी हेच असतं. आपण म्हणतो ‘मी याला पहिला नंबर दिला’, पण पहिला नंबर देताना दुसऱ्या कोणाला तरी विटेवर उभं करावं लागतं. त्याचं नाव घ्यायची हिंमत नसेल, तर आपण काहीच ठरवलेलं नसतं.

इथे एक धोका आहे, तो आधीच सांगतो. ‘कर्म हीच पूजा’ म्हणत प्रत्येक जण पुंडलिक होऊ शकतो. बॉसचा मेसेज आला, देवा थांब. सेल लागला, देवा थांब. म्हणून गोष्टीतल्या तीन बारीक गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

एक, पुंडलिक ज्यांची सेवा करत होता त्यांना त्या क्षणी त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. दोन, त्या सेवेतून त्याला पगारवाढ किंवा वाहवा मिळणार नव्हती. आणि तीन, त्याने दार लावून घेतलं नाही. देवाला उभं राहायला वीट दिली, म्हणजे जागा दिली आणि शब्द दिला. थांबवणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

या तीन कसोट्या लावून आपला दिवस तपासला की एक विचित्र गोष्ट दिसते. आपणही रोज कोणाला तरी विटेवर उभं करतोच. पण कोणाला? जो ओरडत नाही त्याला. क्लायंट ओरडतो, म्हणून त्याचं आधी. ग्रुपवर शंभर मेसेज येतात, म्हणून ते आधी. आई ‘सवडीने फोन कर’ म्हणते, म्हणून तिचा फोन रविवारवर. शरीर बिचारं वर्षानुवर्षं बोलत नाही, म्हणून चालणं, झोप उद्यावर. आणि देव? त्यांच्याकडून तर एकही नोटिफिकेशन येत नाही. जे आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करतात ते सर्वांत शांतपणे वाट बघतात, आणि नेमका याच गोष्टीचा आपण फायदा घेतो.

आता मी राहतो त्या जुहूतलीच एक गोष्ट सांगतो, कारण पुंडलिकाची गोष्ट पुराणातली म्हणून बाजूला ठेवायचा मोह होतो. ही शंभर वर्षांपूर्वीची आहे.

येरवड्याच्या तुरुंगात असताना जानेवारी १९२४ मध्ये महात्मा गांधींचं पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. प्रकृती सुधारण्यासाठी ते मार्चमध्ये जुहूला समुद्रकाठी एका बंगल्यात राहायला आले आणि मे महिन्याच्या अखेरपर्यंत इथेच होते. तेव्हाचं जुहू म्हणजे माडांची बनं आणि वाळू. आजच्यासारखी गर्दी नव्हती, पण गांधीजी आहेत म्हटल्यावर गर्दी तिथे पोहोचलीच. लोक दर्शनाला येऊ लागले. प्रेमाने येणारे, लांबून येणारे.

अशा वेळी आपण काय केलं असतं? आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असंच वाटलं असतं. गांधीजींनी जाहीर विनंती केली की लोकांनी भेटीला येणं आवरावं. आजारातून उठलेल्या शरीरात ताकद मोजकीच होती आणि ती त्यांना कामासाठी हवी होती. एप्रिलमध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या साप्ताहिकांचं संपादन पुन्हा हाती घेतलं. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याबरोबर कायदेमंडळात जावं की नाही यावर चर्चा झाल्या, त्याही इथेच जुहूला. म्हणजे ते भेटत नव्हते असं नाही. कोणाला भेटायचं आणि कोणाला थांबवायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि ते लपूनछपून नव्हे, सगळ्यांना सांगून. शिवाय सोमवारचं मौन हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. देशाचा एवढा मोठा पुढारी आठवड्यातला एक अख्खा दिवस बोलायचा नाही. त्यानेही कोणाचं तरी काम अडलं असेलच. तरी नेम होता.

वाचताना मला यातलं अवघड काय वाटलं सांगू? त्यांनी ज्यांना थांबवलं ते शत्रू नव्हते, प्रेमाने आलेले लोक होते. प्रेमाला ‘थांब’ म्हणणं फार कठीण असतं. आपण ते करत नाही, आणि मग एखादं लग्न, एखादी पार्टी, एखादा ‘पाचच मिनिटं बोलायचं होतं’ असा फोन यातच आठवडा संपतो. कोणाला वाईट वाटू नये म्हणून आपण सगळ्यांना थोडं थोडं देतो आणि ज्याला पूर्ण द्यायचं होतं त्याला काहीच उरत नाही.

गांधीजींच्याच आत्मकथेत गीतेबद्दलची एक आठवण आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली जोरात होती, गीता पाठ करायला वेळ नव्हता. सकाळी आवरायला त्यांना पस्तीस मिनिटं लागत, त्यातली पंधरा दात घासण्यात जात. ते काम उभ्याने चालायचं. मग समोरच्या भिंतीवर त्यांनी श्लोकांचे कागद चिकटवले आणि दात घासता घासता तेरा अध्याय पाठ केले! समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात दिनचर्या सांगितली आहे, तिथेही हीच नजर दिसते. पहाटे उठून काही पाठांतर करावं, बाहेर गेलं तर परत येताना रिकाम्या हाताने येऊ नये. वाया जाणारी मिनिटं देवाला देता येतात, हे पहिलं शिक्षण.

पण त्या आठवणीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. गांधीजी लिहितात की पुढे सत्याग्रहाच्या कामाने विचारांचा सगळा वेळ व्यापला आणि पाठांतर मागे पडलं. हे वाचून मी थांबलो. गीतेचं पाठांतर मागे पडलं, आणि कशापुढे? गीतेने सांगितलेल्या युद्धापुढेच. आठव्या अध्यायातल्या आजच्या श्लोकाचे दोन्ही भाग एका माणसाच्या आयुष्यात असे क्रमाने दिसतात. आधी स्मरण मुरलं, मग युद्ध आलं. ज्याचं पहिल्या श्लोकाचंही पाठांतर झालेलं नाही, त्याने ‘माझं काम हीच माझी गीता’ म्हणण्याची घाई करू नये, एवढं त्यातून मी घेतलं.

आता थोडं आमच्या इंजिनिअरिंगमधलं. इंजिनिअर मंडळींना हे लगेच पटेल, बाकीच्यांनाही कळेल असं सांगतो.

४ जुलै १९९७ ला नासाचं ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागला. कारण शोधल्यावर जे सापडलं त्याला आमच्याकडे ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात, म्हणजे प्राधान्याची उलटापालट. यानात सर्वांत महत्त्वाचं एक काम होतं आणि हवामानाची नोंद ठेवणारं एक अगदी खालच्या नंबरचं काम होतं. दोघांना एकच सामायिक गोष्ट आलटून पालटून वापरायची होती. खालच्या कामाने ती हातात घेतली, आणि तेवढ्यात मधल्या नंबरची कामं सुरू झाली. ती खालच्या कामाला पुढे सरकू देईनात. खालचं काम संपत नाही, म्हणून हातातली गोष्ट सुटत नाही, म्हणून सर्वांत वरचं काम अडलेलं! वरचं काम वेळेत होत नाही असं दिसलं की सिस्टिम घाबरून रीसेट व्हायची.

गंमत बघा, यादीत सगळ्यांचे नंबर बरोबर होते. चूक यादीत नव्हतीच. सर्वांत महत्त्वाचं काम एका छोट्या कामावर अवलंबून आहे, हे हिशोबात धरलं नव्हतं. उपाय असा, की वरचं काम ज्याच्यासाठी अडलंय त्या छोट्या कामाला तेवढ्यापुरता वरचा नंबर द्यायचा. पृथ्वीवरून तशी दुरुस्ती पाठवली आणि यान सुरळीत चालू लागलं.

आपल्या दिवसातलं ते खालच्या नंबरचं छोटं काम कोणतं? झोप. पहाटेचं वाचन आपण मनात पहिल्या नंबरवर ठेवतो. पण ते झोपेवर अवलंबून आहे, आणि रात्री साडेदहाला मधल्या नंबरची कामं येतात: थोडे ईमेल, थोडी क्रिकेटची हायलाइट्स, थोडी चर्चा. यातलं काहीच वाईट नसतं, सगळं ‘बरं’च असतं. त्या मधल्या कामांनी झोप अडते आणि झोपेने पहाट अडते. गीतेच्या सहाव्या अध्यायात सोळाव्या-सतराव्या श्लोकांत भगवंत योगाबद्दल बोलताना खाणं, झोपणं, जागणं यांचं प्रमाण सांगतात. एवढ्या मोठ्या विषयात झोपेचा हिशोब कशाला, असं पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. रात्री साडेदहाला अंथरूण घालणं हेच त्या वेळेपुरतं सर्वांत मोठं साधन असतं.

मग बाबांच्या व्यायामाचं काय झालं? सात ते साडेसात त्यांचे. तिथे चर्चा नाही. त्यांना त्या वेळी दुसरं कोणी नाही, आणि हाताची बोटं उघडायला जो वेळ लागतो तो मला घाई आहे म्हणून कमी होत नाही. वाचन साडेपाचला गेलं. ते साडेपाचला राहावं म्हणून रात्री दहानंतरचे कॉल मी घेत नाही, प्रॉडक्शन बंद पडलं असेल तरच घेतो, आणि हे टीमला आधीच सांगून ठेवलंय. रात्री उशिरापर्यंत काम असलेला एक चांगला प्रोजेक्ट त्यासाठी नाकारावा लागला. तो दुसऱ्याला मिळाला. वाईट वाटलं, वाटणारच. पण ज्या निवडीला किंमत पडत नाही ती निवड नसते, फक्त इच्छा असते. एखादी रात्र बाबांना झोप लागत नाही, मीही जागा असतो. त्या पहाटे एकच श्लोक वाचतो आणि देवांना म्हणतो, वीट तिथेच आहे, येतोच.

आणि ज्यांचा दिवस त्यांच्या हातातच नाही त्यांनी काय करायचं? तान्हं बाळ असलेली आई, बारा तासांची ड्युटी असलेली नर्स, ऑर्डरमागे धावणारा डिलिव्हरीवाला. ‘पहाटे उठा, प्राधान्य ठरवा’ हे त्यांना सांगणं म्हणजे जखमेवर मीठ आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडे जनाबाई आहे. नामदेवांच्या घरची ती दासी. तिची वेळ दुसऱ्यांची होती. दळण, कांडण, झाडलोट. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं म्हणून आजही दाखवतात. परंपरा सांगते की देव तिच्याबरोबर दळायला बसले. तिने देवासाठी वेळ काढला नाही, तिच्याकडे तो नव्हताच. म्हणून देवच तिच्या कामाच्या वेळेत आले. ‘सर्व काळी स्मरण कर आणि युद्धही कर’ याचा अर्थ मला जनाबाईच्या जात्यापाशी सर्वांत सोपा कळतो. आणि ज्यांच्या हातात दिवसातला थोडा तरी वेळ आहे, त्यांची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

दहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की मोजणाऱ्यांमध्ये मी काळ आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मॅनेज’ करायला निघालो तो तेच आहेत. आपल्या हातात एवढंच आहे की त्यांनी दिलेली ही घडी कोणाची, हे प्रामाणिकपणे ओळखायचं.

आजचा छोटा अभ्यास:

१. रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं बसा आणि आज कोणाकोणाला थांबवलं त्यांची नावं लिहा. कामांची नाही, माणसांची. देवांचं नाव असेल तर तेही.

२. त्यातलं जे नाव सर्वांत कमी तक्रार करतं त्याला उद्याची एक ठरलेली वेळ द्या. दहा मिनिटं चालतील, पण ठरलेली.

३. त्या वेळेच्या आड येणारं ‘बरं’ काम कोणतं ते शोधा आणि त्याच्यासाठी एक वीट सरकवा. ‘आत्ता नाही, अमुक वाजता’ असं स्पष्ट सांगा आणि शब्द पाळा.

उद्या आठवा श्लोक बघू. तोपर्यंत ज्यांनी तुमची वाट बघितली त्यांच्याजवळ जरा बसा.

राम कृष्ण हरी!